लाकडात डालग्रेन तोफ कशी उतरवायची

आधी खऱ्या तोफेची दोन मापं वहीत लिहून घ्या: लांबी 161 इंच, बुडाचा व्यास 32 इंच. अमेरिकेच्या यादवी युद्धात ‘मॉनिटर’ या चिलखती जहाजाच्या फिरत्या बुरुजात 11 इंची नळीच्या अशा दोन तोफा शेजारी-शेजारी होत्या. विसाव्या हिश्शाने करायची तर लांबी आठ इंच, बूड एक इंच पाच सूत आणि भोक साडेचार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मिलिमीटरवाल्यांनी 204, 41 आणि 14 धरावं. मी कोल्हापुरात उद्यमनगरात ओतकामाचे लाकडी पॅटर्न करत म्हातारा झालो, मला सुतातच सुचतं.

लाकूड शिवणीचं घ्या. सागवानाच्या रेषा रंगाखालूनही दिसतात आणि ओतीव लोखंडाचा भास जातो. दहा इंच लांब, दोन इंच चौरस, बिनगाठीचा तुकडा पुरे. रंध्याने कोपरे मारून अठपैलू करा.

भोक आधी पाडा, बाहेरचा आकार नंतर. खरी तोफ भरीव ओतून मग पोखरायचे. आपण मुद्दाम आधी पोखरतो, कारण लाकडात लांब ड्रिल सरकतं. ते सरकलं तरी पुढे भोकाच्याच सेंटरवर माल फिरवला की भिंत चारी बाजूंनी सारखी येते. साडेसहा इंच खोल जा, मधूनमधून ड्रिल काढून भुसा झाडा. मग भोकात घट्ट गुल्ली बसवा आणि लेथच्या टेलस्टॉकचं, म्हणजे माल दुसऱ्या टोकाने धरणाऱ्या भागाचं, सेंटर तिच्यावर टेकवा.

आता आकार. इथे घाई करू नका, कारण तोफ आखणाऱ्याचं सगळं डोकं या आकारात आहे. जॉन डालग्रेन वॉशिंग्टनच्या नाविक कारखान्यात तोफा तपासायचा. 13 नोव्हेंबर 1849 ला, नेमक्या त्याच्या चाळिसाव्या वाढदिवशी, चाचणीत 32 पौंडी तोफ फुटली आणि गोलंदाज ठार झाला. त्यानंतर त्याने स्वतःची तोफ आखली: दारू जळते तिथे दाब सर्वांत जास्त, म्हणून धातू तिथे जाड; पुढे दाब उतरतो तसा धातूही उतरता. लोक तिला सोड्याची बाटली म्हणायचे. म्हणून मागचा भाग जाड ठेवा आणि मग मानेकडे एकसंध उतार द्या. लेथवर हात शिवशिवतो, दोन कडी काढाव्यात असं वाटतं. काढू नका. जुन्या तोफांवरचे पट्टे आणि नक्षी त्याने काढूनच टाकली होती.

उतार अंदाजाने येत नाही. तोफेचा बाजूने काढलेला फोटो घ्या, एकूण लांबी आठ इंच येईल इतका छापा आणि त्यावरून पत्र्याचं टेम्प्लेट कापा. उजेडाकडे धरून तपासत जा. बुडाच्या गोळ्यातून तोफ वर-खाली करायचा स्क्रू जातो, तिथे उभं भोक हवंच. तोफेला कान, म्हणजे आतल्या दारूला पेट द्यायची बारीक भोकं, दोन होते; एक झिजला की दुसरा उघडायचा. एकच आरपार पाडा, दुसऱ्याची नुसती खूण करा.

डालग्रेनला बढतीही या कारखान्यातूनच मिळाली. एप्रिल 1861 मध्ये तिथला प्रमुख बुकॅनन राजीनामा देऊन दक्षिणेकडे गेला आणि जागा याला मिळाली. लिंकन त्याच्याकडे वरचेवर यायचा. तोच बुकॅनन पुढे दक्षिणेच्या ‘व्हर्जिनिया’ या चिलखती जहाजावर कप्तान होता. ‘मॉनिटर’शी गाठ पडायच्या आदल्याच दिवशी तो जखमी झाला. 9 मार्च 1862 च्या त्या लढाईत ‘मॉनिटर’च्या तोफांत एका वेळी 15 पौंडांवर दारू घालायची नाही, असा हुकूम होता. पुढे चाचण्यांत याच तोफेने 30 पौंड सोसले. माझ्या मते तोफ आखणाऱ्याची कमाल आहे ती इथे. डालग्रेन दक्षिणेच्या चार्ल्सटन बंदरासमोर आरमार घेऊन गेला तेव्हा मात्र बंदर काही त्याच्या हाती आलं नाही.

सीलरचे दोन हात द्या, बारीक पॉलिश पेपर मारा आणि वर मॅट काळा रंग. चकाकी नको. बुरुज करणार असाल तर आतला व्यास 20 फूट, म्हणजे आपल्याकडे बरोबर एक फूट, आणि भिंत एकेक इंची पत्र्याच्या आठ थरांची. कार्डशीटचे आठ थर चिकटवा.

खऱ्या तोफांवर ‘वर्डन’ (‘मॉनिटर’चा कप्तान) आणि ‘एरिक्सन’ (ते जहाज आखणारा) ही नावं कोरलेली आहेत, पण ती लढाईनंतरची. तुमची तोफ 9 मार्चची असेल तर कोरू नका.