घरी शेफ बोलावून हाय टी करताय? या चुका टाळा

आईच्या पंचाहत्तरीला घरीच हाय टी करायचं ठरलं. कोथरूडचा तीन खोल्यांचा फ्लॅट, तीस माणसं आणि मे महिना. शेफ हाताचा चांगला होता, पदार्थ देखणे होते. पावणेपाचला ओव्हन, इंडक्शन, पाण्याची किटली आणि हॉलमधला एसी असं सगळं एकदम चालू झालं आणि खटकन घरातले पंखे थांबले. लाइट पाच मिनिटांत आली, पण ओव्हनमधले पॅटिस तोवर बसले होते. त्या दिवशी मी शेफवर मनातल्या मनात भरपूर चिडले. नंतर आठवून पाहिलं, तर आमचं फोनवर तीनदा बोलणं झालं होतं आणि तिन्ही वेळा आम्ही फक्त पदार्थांबद्दल बोललो होतो. घराबद्दल मी त्याला एक शब्दही सांगितला नव्हता.

पूर्वी लग्नामुंजीला आचारी यायचा तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असायचा, "चूल कुठे मांडू?" पाणी कुठून, सांडपाणी कुठे, भांडी कोण घासणार, हे त्यानंतर. पदार्थांची यादी सगळ्यात शेवटी. आपण शेफशी बोलताना हा क्रम उलटा करतो आणि निम्म्या चुका तिथेच होतात.

नाश्ता की जेवण, हेच न ठरवणं

'हाय टी' हा शब्द मुळातच घोळाचा आहे. इंग्लंडमध्ये 1840 च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस अ‍ॅना यांनी दुपारचं जेवण आणि रात्रीचं उशिराचं जेवण यांच्यामध्ये चहा आणि हलकं खाणं सुरू केलं असं मानतात. त्याचं नाव आफ्टरनून टी. हाय टी हा प्रकार वेगळाच होता. कामावरून दमून आलेल्या कामगारांचं ते संध्याकाळचं पोटभर जेवण होतं: मांस, बटाटे, पाव आणि सोबत कडक चहा. आपल्याकडच्या हॉटेलांनी नाव एकाचं घेतलं आणि पदार्थ दुसऱ्याचे. त्यामुळे निमंत्रण मिळाल्यावर पाहुणा बुचकळ्यात पडतो, की घरी कुकर लावून जायचं की नाही?

हे तुम्ही ठरवा आणि निमंत्रणात लिहा. 'साडेचार ते साडेसहा, चहा-फराळ' असं लिहिलं तर माणशी सहा-सात छोटे नग पुरतात. लोक रात्री घरी वरणभात खातील. 'जेवूनच जा' म्हणणार असाल तर दहा-बारा नग धरा आणि एक तरी पोटाला आधार देणारा पदार्थ ठेवा. दडपे पोहे, छोटे वडापाव, काहीही चालेल. काकडीच्या सँडविचवर आपल्या काकांचं रात्रभर भागत नाही. हा आकडा शेफला आधी कळला नाही तर तो त्याच्या सवयीने धरतो, आणि त्याची सवय बहुधा हॉटेलातली असते.

स्वयंपाकघराची मापं न सांगणं

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमचं सगळं इथेच फसलं.

आधी विजेचं बघू. ओटीजी, म्हणजे घरातला छोटा विजेचा ओव्हन, साधारण दीड ते दोन हजार वॉट घेतो, इंडक्शन दोन हजार, किटली दीड हजार. घरातल्या मोठ्या, 16 अँपिअरच्या प्लगची ताकद 230 व्होल्टला साधारण 3,680 वॉट. म्हणजे एक्स्टेन्शन लावून ही तिन्ही एकाच प्लगवर बसवली तर एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारी बोर्डावरची कळ, पडणारच, आणि ती पडते हे नशीबच समजा. मोबाइल चार्ज करायच्या छोट्या 6 अँपिअरच्या प्लगवर तर यातलं काहीच लावू नका. आदल्या दिवशी एकेक एमसीबी खाली करून कोणता प्लग कशावर आहे ते बघा आणि कागदावर लिहून बोर्डाशेजारी चिकटवा. दहा मिनिटांचं काम आहे.

मग ओव्हनचं गणित. घरगुती ओटीजीत एका वेळी एकच ट्रे नीट भाजला जातो. त्यात पॅटिस बसतात दहा-बारा. एका घाण्याला पंचवीस मिनिटं. साठ पॅटिस म्हणजे पाच-सहा घाणे, म्हणजे दोन-अडीच तास. शेफ जर अडीचला येणार असेल आणि त्याच ओव्हनमध्ये स्कोनही (क्रीम-जॅमबरोबर खायचे छोटे इंग्लिश पाव) भाजायचे असतील, तर पाहुण्यांना पहिला गरम पदार्थ कधी मिळेल ते तुम्हीच मोजा. घरगुती ओव्हनवर एकच भाजायचा पदार्थ ठेवावा. बाकीचे शेफने त्याच्या किचनमधून करून आणावेत.

गॅसचंही तसंच. शेगडीला बर्नर तीन असले तरी मोठी कढई आणि चहाचं मोठं पातेलं शेजारी शेजारी मावत नाही. भरलेला सिलिंडर हाताशी हवा. फ्रिजचे दोन कप्पे आदल्या रात्रीच रिकामे करा, लोणच्याच्या बरण्या आणि परवाची आमटी शेफसमोर हलवत बसू नका.

हे सगळं फोनवर सांगत बसण्यापेक्षा मोबाइलवर एक व्हिडिओ काढा. ओटा, शेगडी, ओव्हन उघडून आतून, फ्रिज, प्लग, सिंक. शेफला पाठवा. चांगला शेफ तो बघून स्वतःहूनच यादीतून दोन पदार्थ काढतो. व्हिडिओ बघूनही "होऊन जाईल मॅडम" एवढंच म्हणाला, तर एकदा घरी येऊन बघायला सांगा.

सोसायटीच्या गेटवर गाडीचा नंबर आणि माणसांची संख्या आधी कळवा. पुण्यात असाल तर गुरुवार टाळा. दुरुस्तीसाठी वीज किंवा पाणी बंद राहण्याची शक्यता त्या दिवशी जास्त, शिवाय निम्म्या पाहुण्यांचा उपवास.

यादी शेफच्या हौसेने करणं

उपवासावरून आठवलं. तारीख ठरवण्याआधी कालनिर्णय बघा. चतुर्थी किंवा एकादशी आली तर साबुदाणा वडा ठेवून सुटका होत नाही. तोच वडा बटाटेवड्यांच्या तेलात तळला हे एका काकूंनी पाहिलं, की तो वडा उपवासाचा राहत नाही. तेल वेगळं, झारा वेगळा, हे शेफला स्पष्ट सांगावं लागतं. जैन पाहुणे असतील तर नुसतं 'कांदा-लसूण नको' पुरत नाही, बटाटाही नको. अंड्याचं विचारा. आणि मूस किंवा चीजकेक असेल तर जिलेटिनचंही विचारा, कारण ते प्राणिज असतं. शाकाहारी घरात हे ताटात आल्यावर कळणं फार वाईट. समुद्री शेवाळापासूनचं अगर-अगर वापरून काम होतं.

पंचाहत्तरीच्या कार्यक्रमाला पाहुणेही त्याच वयाचे असतात. कडक बिस्कॉटी, अख्खे बदाम, चिवट ब्रेड हे कवळीवाल्यांवर अन्याय करणारे पदार्थ. आमच्याकडे सगळ्यात आधी संपली ती सुरळीची वडी. शेफला ती मुळात ठेवायचीच नव्हती.

त्याने स्कोनबरोबर क्लॉटेड क्रीम केलं होतं. जास्त स्निग्धांशाचं क्रीम मंद आचेवर तासन्‌तास ठेवून वर जमलेला थर काढायचा. त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं, की इंग्लंडात डेव्हनचे लोक आधी क्रीम लावतात आणि कॉर्नवॉलचे आधी जॅम. मामांनी चमचाभर चाखलं आणि म्हणाले, "अरे, ही तर साय!" आणि साखर मागितली.

क्रीमबद्दल एक सूचना. आपल्याकडे पाकिटात मिळणाऱ्या साध्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश साधारण 25 टक्के असतो. ते कितीही फेटलं तरी घट्ट उभं राहत नाही. व्हिपिंग क्रीमच लागतं, आणि मे महिन्यात क्रीमचं सजवलेलं काहीही टेबलावर वीस मिनिटांत घाम गाळायला लागतं. उन्हाळ्यात केकचे कोरडे प्रकार बरे: मावा केक, नानकटाई, श्रुसबेरी. पुण्याचं श्रुसबेरी बिस्किट हे नावाने इंग्लंडमधल्या श्रूझबरी गावचंच, त्यामुळे 'काहीतरी इंग्लिश' हवं असेल तर ते आपल्या गावात आधीपासून आहे.

ऐन वेळी तळायचा पदार्थ फक्त एक ठेवा. दोन असले, की हॉलमध्ये तेलाचा वास आणि शेफ कढईशी अडकलेला.

चहा कोण करणार, हे न विचारणं

कार्यक्रमाचं नावच चहावर आहे, आणि चहा कुणाच्याच यादीत नसतो. शेफ म्हणतो, चहा घरचे करतील. घरचे म्हणतात, शेफ आहे ना! आमच्याकडे शेवटी मीच भरजरी साडीत आलं किसत उभी राहिले.

हिशेब करा. तीस माणसं, प्रत्येकी दोन कप, कप साधारण शंभर मिलिलिटरचा. सहा लिटर चहा. एवढा चहा एका दमात करून थर्मासमध्ये भरला तर तासाभरात त्याची चव उतरते. दोन-दोन लिटरचे तीन घाणे करा आणि प्रत्येक घाणा उकळला की लगेच गाळा. चोथा आत राहिला की कडवटपणा वाढत जातो. आलं दुधात कच्चं टाकू नका. आल्यातल्या एन्झाइममुळे दूध फाटू शकतं. आधी पाण्यात उकळा, मग दूध. साखरेचा आणि बिनसाखरेचा चहा वेगळ्या किटल्यांत ठेवा आणि किटलीला खूण करा. मधुमेही पाहुण्याने चुकून गोड चहा पिऊन मग हळूच विचारायचं, हे बरं नव्हे.

दार्जिलिंग चहा ठेवायची हौस असेल तर जरूर ठेवा, पण तो दुधात उकळू नका. त्याला पाणी उकळून क्षणभर थांबायचं, पत्तीवर ओतायचं, तीन मिनिटांनी गाळायचं. आपला उकळायचा चहा म्हणजे दाणेदार सीटीसी. पानं चिरडून, फाडून, वळवून दाणे करायची ही पद्धत आसामात 1930 च्या दशकात आली. त्याचा रंग चटकन उतरतो आणि तो दुधाला दबत नाही. एकाच पातेल्यात दोघांना न्याय मिळत नाही. मी म्हणेन, ज्या मावशी किंवा भावजी घरात सगळ्यात चांगला चहा करतात त्यांना आधीच विनंती करा आणि एक बर्नर त्यांच्या नावावर लिहून टाका.

पैशांचं मोघम बोलणं

दर माणशी आहे की एकूण, सामान त्यात धरलंय का, वाढायला माणसं किती येणार, कपबश्या कुणाच्या, भांडी घासून देणार की सिंकमध्ये ठेवून जाणार, उरलेलं सामान कुणाचं. एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा नोंदणीचा, 14 आकडी नंबर मागायला लाजू नका. आणि तुमच्या कामाच्या मावशींना त्या दिवसाचे वेगळे पैसे द्या, कारण शेफ काहीही म्हणाला तरी शेवटची परात त्याच घासतात.

ऐन वेळी बिघडलं तर

लाइट गेली आणि शेजाऱ्यांकडे आहे: एमसीबी पुन्हा वर करण्याआधी एसी, गीझर, किटली बंद करा. ओव्हन एकटा चालू द्या.

पॅटिस मऊ पडले: मायक्रोवेव्ह नको, तो आणखी मऊ करतो. गरम ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं ठेवा, आणि बाहेर काढल्यावर झाकू नका.

सँडविचच्या कडा वाळल्या: पिळून घेतलेलं ओलसर मलमलचं फडकं वरून टाका. आतून ओली झाली असतील तर काकडीला मीठ लावून पाणी काढलं नव्हतं आणि ब्रेडला कडेपर्यंत लोणी लावलं नव्हतं. आता इलाज नाही, ती आधी वाढून संपवा.

क्रीम फेटताना दाणेदार झालं: थोडं थंड, न फेटलेलं क्रीम घालून हलक्या हाताने ढवळा. बहुतेक वेळा सावरतं. अगदीच लोणी सुटलं तर ते लोणी म्हणूनच ब्रेडबरोबर ठेवा, कुणाला कळत नाही.

पाहुणे पाऊण तास उशिरा: मेयोनीज, चिकन, क्रीमचे पदार्थ बाहेर मांडू नका. शिजवलेलं अन्न बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि मे महिन्यात मी एकच तास धरते. निम्मं मांडा, निम्मं फ्रिजमध्ये.

सहा माणसं जास्त आली: सँडविच त्रिकोणी कापलेली असतील तर आणखी एकदा कापा, आणि दडपे पोहे वाढवा. ओला नारळ, पोहे आणि फोडणी, एवढ्यात शेफ न विचारता करून देईल.

शेफच आला नाही: वाट बघत बसू नका. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात दुसरी सोय सुरू करा. फराळाच्या दुकानाचा, बेकरीचा आणि बटाटेवडेवाल्याचा नंबर आदल्या दिवशीच फोनमध्ये हवा. आणि म्हणूनच पुण्यात शेफला दुपारी बाराची वेळ द्यायची, अडीचची नाही. एकच्या आत फोन गेला तर वडे मिळतात, नाहीतर चारपर्यंत दुकानाच्या शटरकडे बघत बसायचं.