खांद्यात इंजेक्शन घ्यायला जाण्यापूर्वी

फ्रोझन शोल्डरच्या, म्हणजे खांदा आखडून दुखण्याच्या आजाराच्या, इंजेक्शनची तारीख मिळाली की सगळ्यात आधी फिजिओथेरपीची वेळ ठरवून टाका. इंजेक्शनने दुखणं दबतं, आखडलेला सांधा सैल करायचा तो व्यायामानेच, आणि दुखणं दबलेले ते थोडे आठवडे फुकट घालवण्यासारखे नसतात. फिजिओ घराजवळचा बघा. इंजेक्शन हवं तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) घ्या, पण पेडण्याहून किंवा काणकोणहून व्यायामासाठी दर दोन दिवसांनी तिथवर जाणं, तेही पावसात, कोणाच्याच हातून होत नाही.

पिशवीत एक्स-रे, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं असू द्या. नावं ऐनवेळी आठवत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर आधीच सांगा, ती आपल्या मनाने बंद करू नका. दात काढताना भुलेच्या इंजेक्शनने कधी अंगावर गांधी उठल्या असतील तर तेही सांगा, कारण खांद्यातही बहुधा लिग्नोकेन किंवा त्याच्याच जातीचं औषध जातं. अंगात ताप असेल किंवा खांद्यावर फोड-जखम असेल तर फोन करून तारीख बदलून घ्या.

मधुमेह असणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं, हा आजार त्यांच्यातच अधिक दिसतो. भुलेच्या औषधाबरोबर बहुतेकदा स्टेरॉइड असतं आणि त्याने शुगर काही दिवस चढते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणून ठेवा. इन्सुलिन चालू असेल तर त्या दिवसांत डोस किती घ्यायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. उपाशी जायची सहसा गरज नसते, तरी विचारून घ्या.

पुढून बटणं असलेला सैल सदरा किंवा ब्लाउज घाला. स्कूटर घरी ठेवा, सोबत कोणाला तरी न्या.

भूल असेपर्यंत हात अगदी मोकळा वाटतो. त्या भरात विहिरीचं पाणी ओढायला जाऊ नका. काही तासांत भूल उतरते, स्टेरॉइडचा गुण यायला काही दिवस लागतात, आणि मधली एखादी रात्र पूर्वीपेक्षा जास्त ठणकू शकते. त्या रात्रीसाठी बर्फ तयार ठेवा (फ्रीजरमधल्या बांगडे मासळीच्या पिशवीखाली नको) आणि दुखण्याची गोळी कोणती घ्यायची ते आधी विचारून ठेवा. ताप आला, खांदा लाल होऊन तापला, ठणका वाढतच गेला, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

घरी एक काठी, लांब पंचा आणि हात टेकून वाकता येईल असं टेबल एवढं पुरतं. भिंतीवर बोटं चढवत न्यायची आणि पोचतील तिथे पेन्सिलीने खूण करून तारीख घालायची. भिंत खराब होते म्हणून घरचे कुरकुरतील, करू देत. कोणा मालीशवाल्याकडून हात ओढून घेणं मात्र टाळाच.

खांदा सुटायला महिने जातात. तेव्हा चवथ तोंडावर असेल तर गणपतीवरची फळांची माटोळी बांधायचं काम आत्ताच पुतण्याच्या गळ्यात घाला. तुम्ही खाली बसून फळं निवडून द्या.