डबाभर चिल्लर देऊन बंद्या नोटा कशा घ्यायच्या

साठलेली चिल्लर पिशवीत भरून थेट बँकेत नेली, की "आज गर्दी आहे, नंतर या" हे ऐकायची तयारी ठेवावी लागते. कॅशियरची अडचण खरी असते. एकत्र मिसळलेली पाचसहाशे नाणी खिडकीवर मोजायची म्हणजे मागची सगळी रांग खोळंबते. त्यामुळे नोटा हातात पडणार की नाही, हे बरंचसं घरीच ठरतं.

आधी बाजूला काय काढायचं

चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ती बँक घेणार नाही. आठ आण्यांचं नाणं मात्र आजही चालतं, दुकानदार काहीही म्हणोत. भोक पाडलेली, कापलेली, घासून गुळगुळीत झालेली नाणी, परदेशी नाणी आणि टोकन वेगळी ठेवा. चांदीचा जुना रुपया किंवा ७५, १००, १२५ रुपयांचं स्मारक नाणं सापडलं तर ते या ढिगात घालूच नका. स्मारक नाणं रोजच्या व्यवहारासाठी काढलेलं नसतं.

हळदकुंकू लागलेली किंवा चिकट झालेली नाणी कोमट साबणाच्या पाण्यातून काढून फडक्यावर पूर्ण वाळवा. चिंच, लिंबू, पितांबरी यांची गरज नाही. ओली नाणी पिशवीत एकमेकांना चिकटतात आणि मोजताना दोनाचं एक होतं.

वर्गवारी: चूक इथेच होते

नुसती किंमत बघून ढीग करू नका. एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या आकाराची असतात, आणि वेगळ्या किमतीची सारखी दिसतात. जुना स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा आणि २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणंही तेवढंच. घाईत हाताला फरक कळत नाही. हाताच्या मुद्रेच्या नाण्यांत अंगठा असला तर १ रुपया, दोन बोटं असली तर २ रुपये. त्यातलं दोनाचं नाणं थोडं मोठं असतं. पाच रुपयांची जाड पांढरी नाणी ९ ग्रॅमची, २०१९ आधीची पिवळी ६ ग्रॅमची. दोन्हींचा व्यास सारखाच, २३ मिलिमीटर. म्हणून किंमत आणि त्यातला प्रकार, असे दोन्ही बघून ढीग लावायचे.

लोहचुंबकाने काम लवकर होतं, पण त्याच्यावर विसंबू नका. स्टीलचे १ आणि २ रुपये चिकटतात, २० चिकटत नाहीत. मात्र पाच रुपयांची काही नाणी स्टीलची निघाली होती, तीही चिकटून एक-दोनच्या ढिगात जातात. शेवटी नजर फिरवावीच लागते.

दहाच्या नाण्यांत रुपयाचं चिन्ह असलेली आणि नसलेली, दोन्ही खरी आहेत. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या जानेवारीत सांगितलं होतं, की त्यांचे तोवर निघालेले १४ नमुने आहेत आणि सगळे चालतात. "हे खोटं आहे" म्हणून कुणी परत केलेलं नाणं फेकून देऊ नका.

मोजणी आणि बांधणी

दहा-दहाच्या उतरंडी लावा आणि दहा उतरंडी ओळीने ठेवून वर सपाट पट्टी टेकवा. एखादीत नाणं कमी-जास्त असेल तर पट्टी डुगडुगते. उतरंडीत एकाच प्रकारची नाणी असतील तरच ही युक्ती चालते, कारण जाडी वेगळी असते. मग शंभर नाणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. पाच रुपयांची २०१९ आधीची शंभर पिवळी नाणी म्हणजे ६०० ग्रॅम, जाड पांढरी शंभर म्हणजे ९०० ग्रॅम. झिजलेल्या नाण्यांमुळे दोनचार ग्रॅम कमी भरतात, त्यामुळे वजन ही मोजणीची तपासणी समजा, मोजणी नव्हे.

शंभर-शंभर नाणी पारदर्शक, जाड प्लॅस्टिक पिशवीत भरा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतही शंभर नाण्यांच्या पिशव्या सोयीच्या म्हटल्या आहेत. वर्तमानपत्रात गुंडाळून चिकटपट्टी लावलेल्या सुरळ्या नेऊ नका, आत काय आहे ते दिसत नाही आणि कॅशियरला त्या फोडाव्या लागतात. तोंडाला रबरबँड पुरे, स्टेपलर नको. आत चिठ्ठी: नाण्याची किंमत, संख्या, रक्कम, खाते क्रमांक. शेवटचं शंभरापेक्षा कमी उरलेलं घरीच ठेवा.

बँकेत

एका वेळी हजार-दीड हजारांची चिल्लर न्या. २०११ च्या मालिकेतल्या एक रुपयाच्या हजार नाण्यांचं वजनच पावणेचार किलोच्या वर जातं, साधी पिशवी वाटेत फाटते. महिन्याचा पहिला आठवडा आणि सुट्टीनंतरचा दिवस टाळा. आदल्या दिवशी शाखेत विचारून ठेवलं तर उत्तम, त्याच वेळी नाणी भरण्यावर काही शुल्क लागतं का तेही विचारा.

सर्वात सोपं म्हणजे स्वतःच्या खात्यात भरणा करणं आणि नोटा एटीएममधून काढणं. रोख भरायच्या मशीनमध्ये नाणी चालत नाहीत, खिडकीवरच जावं लागतं. स्लिपवर नाण्यांची रक्कम नाण्यांच्या रकान्यात लिहा. मोजणी तुमच्यासमोर होऊ द्या. फरक निघाला तर तेवढीच पिशवी परत मोजायला सांगता येते, सगळा ढीग नव्हे.

"हजाराच्या वर नाणी घेत नाही" असं कुणी म्हणालं तर फरक समजून घ्या. नाणे कायदा, २०११ मध्ये १ रुपया आणि त्यावरच्या नाण्यांना १००० रुपयांची आणि आठ आण्यांना १० रुपयांची मर्यादा आहे, ती कुणाचं देणं नाण्यांत फेडताना. बँकेत भरण्याला अशी मर्यादा नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार कोणत्याही शाखेने नाणी नाकारायची नाहीत, भरण्यासाठी असोत वा बदलून घेण्यासाठी. हे शांतपणे, शाखा व्यवस्थापकाला सांगा. तरीही नकार आला तर लेखी तक्रार देऊन पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

बँकेशिवाय

ओळखीचा किराणा दुकानदार, मेडिकल, चहावाला यांना मोड रोज लागते. पाच आणि दहाची नाणी त्यांच्याकडे पटकन खपतात. लग्नसराईत आणि सणाआधी आहेराच्या पाकिटासाठी एक रुपयाला मागणी वाढते, तेव्हा स्वच्छ रुपये वेगळे काढून ठेवले तर शेजारीपाजारीच संपतात. पिग्मी खातं (एजंट रोज येऊन थोडे पैसे नेतो ते) असेल तर एजंटाला विचारून रोज शंभरेक रुपयांची नाणी देता येतात, दोन महिन्यांत डबा रिकामा होतो. चिल्लर घेताना कुणी बट्टा कापायला लागला तर देऊ नका: पाचशेची नाणी म्हणजे पाचशेच.