डिझेल इंजिनाचा एअर फिल्टर चोंदलाय का?
लोड आला की काळा धूर, ओढ कमी, डिझेल जास्त? आधी एअर फिल्टर बघा. हवा कमी पडली की डिझेल पुरतं जळत नाही. इंजिन बंद करून बाहेरचा कागदी फिल्टर काढा आणि आतून बाहेरच्या दिशेने हवा मारा. दाब ३० पीएसआयच्या आतच, नाहीतर कागद फाटतो. आपटू नका, घड्या वाकतात आणि सील बिघडतं. डिझेल-पेट्रोलने तर अजिबात धुऊ नका.

मग अंधारात फिल्टरच्या आत बल्ब धरा. टाचणीएवढं छिद्र दिसलं तरी नवाच घाला. तिथून शिरलेली धूळ लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आणि पिस्टन रिंग घासून टाकते. आतला सेफ्टी फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचाच. बसवण्याआधी फिल्टरचा डबा ओलसर फडक्याने पुसा.