खानदेशातून शार्कच्या पिल्लांच्या अभ्यासाला निघालेल्यांसाठी

भुसावळ-जळगावहून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेसने एर्नाकुलम, कोचीहून लक्षद्वीपला जहाज. प्रवेश परवाना आधी काढायचा. समुद्र कधी पाहिला नसेल तरी बिचकू नका, प्राणिशास्त्राचा पाया पुरतो. डायव्हिंगच्या सर्टिफिकेटवर मात्र इतक्यात पैसे घालू नका. ब्लॅकटिप रीफ शार्कची पिल्लं उथळ पाण्यातच फिरतात.

नर्सरी, म्हणजे पिल्लं वाढतात ती जागा, ठरवायच्या तीन कसोट्या मिशेल ह्यूपेल आणि सहकाऱ्यांनी 2007 साली मांडल्या: पिल्लं इतर जागांपेक्षा इथे जास्त सापडतात, बराच काळ राहतात किंवा परत येतात, आणि हे वर्षानुवर्षं घडतं. तिसरी कसोटी एका हंगामात लागत नाही. तिचा माग जुन्या मच्छीमारांच्या आठवणीतच लागतो, आणि नवखे नेमके तिथेच मार खातात.

घोळ होतो प्रश्नांच्या क्रमात. मच्छीमारांबरोबरच्या पहिल्याच बैठकीत "शार्क वाचवायला हवेत ना?" विचारलं की समोरच्याला बंदीचा वास येतो. "हो हो, हवेतच" म्हणतो, आणि पिल्लांची जागा विचारली की भलतीकडे बोट दाखवतो. हतनूर धरणाच्या काठावर एका गावात बिघडलं तर पुढच्या गावात नव्याने सुरुवात करता येते. बेटावर पुढचं गाव नसतं. संध्याकाळपर्यंत तुमचा प्रश्न घरोघरी पोचतो, आणि उरलेल्या सगळ्या मुलाखतींत तुमचंच मत तुम्हाला परत ऐकू येतं. तो डेटा फुकट जातो, दुरुस्त करता येत नाही.

म्हणून आधी फक्त जागा आणि माप. छापील नकाशा, पेन्सिल, आणि 40, 60, 80 सेंमीच्या खुणा केलेली काठी. "एवढं लहान कुठे दिसतं? कोणत्या महिन्यात? तुमचे वडील जायचे तेव्हाही तिथेच?" लहान दिसला म्हणून पिल्लू धरू नका, मुंबईच्या बाजारातली मुशी, म्हणजे छोट्या जातीचा शार्क, अर्ध्या मीटरच्या आतच वयात येते. छातीच्या दोन परांच्या मध्ये, पोटाकडून, नाळेची खूण उघडी असेल तर जन्म नुकताच झालेला; काही आठवड्यांत ती बुजते. हात लावण्याआधी वन विभागाची लेखी परवानगी हवीच.

सगळे नकाशे भरले की मगच मताचे प्रश्न. "जाळ्यात जिवंत पिल्लू आलं तर काय करता? गळाला लागलेला टूना शार्कने तोडला, तर नुकसान कोण सोसतं?" इथे खरा कल कळतो. आलेला राग जसाच्या तसा लिहून घ्या, सौम्य करू नका.

दुभाष्या त्याच बेटावरचा हवा, पण मासळीचा व्यापारी नको. मिनिकॉय बेटावर मल्याळमवर भागत नाही, तिथली भाषा माहल. आणि गूगल फॉर्म वाटून प्रबंध उरकायला सांगणारा मार्गदर्शक सरळ बदला. पहाटे स्वतः धक्क्यावर उभा राहणारा निवडा, त्याचे शोधनिबंध चार कमी असले तरी चालतील.

सराव घराजवळच होतो. पावसाळ्याच्या तोंडावर हतनूरला किंवा गिरणा धरणावर जा आणि गाभोळीचा मासा कुठे लागतो ते मच्छीमारांना याच क्रमाने विचारा.