इंजिन अडखळतंय? आधी कार्ब खोलू नका, टाकीपासून सुरुवात करा

घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन जमिनीवर मस्त चालतं, आणि फुल थ्रॉटल दिला की पंधरा-वीस सेकंदांनी अडखळायला लागतं. असं झालं की बहुतेक जण लगेच कार्ब (कार्ब्युरेटर, हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) खोलून जेट (त्यातली पेट्रोल सोडणारी बारीक तोटी) बदलायला बसतात. प्लीज असं करू नका. कार्बच्या बाउलमध्ये (खालच्या वाटीत) थोडं पेट्रोल साठलेलं असतं, इंजिन आधी ते संपवतं आणि मागून येणारं पुरत नसेल तर मग अडखळतं, म्हणजे हा जो उशीर लागतो ना तोच सांगतोय की दोष बहुतेक बाउलच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. थ्रॉटल दिल्या दिल्या अडखळलं तर मात्र कार्बवर पहिला संशय. अर्धा-पाऊण तास नीट चालून बंद पडलं आणि टाकीचं झाकण उघडताना आत हवा ओढल्याचा आवाज आला तर व्हेंट (टाकीत हवा येण्याचं भोक) बघा, गांधीलमाशी मातीने ते भोक सहज बुजवते. आणि गरम इंजिन बंद करून पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू केल्यावरच त्रास होत असेल तर पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होतेय.

आता खरं काम, फ्लो, म्हणजे मिनिटाला किती पेट्रोल येतं ते, मोजणं. विमान बाहेर मोकळ्यावर, इग्निशन बंद, चाकांना अडण्या, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, आणि पेट्रोल घ्यायचं भांडं धातूचं, ते वायरने विमानाला जोडलेलं. यातलं काहीही गाळू नका, पेट्रोलची वाफ एका ठिणगीवर पेटते.

टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवा. नाक वर करा, वर चढताना (क्लाइंबला) जास्तीत जास्त जेवढा कोन असेल त्याहून साधारण पाच अंश जास्त. कार्बला येणारा पाइप काढून भांड्यात सोडा, पण पाइपचं तोंड कार्बच्याच उंचीवर धरा, खाली धरलं तर फ्लो खोटा जास्त दिसतो, ही चूक खूप जण करतात. पेट्रोल नुसतं उतारावर येत असेल तर टेकऑफला लागतं त्याच्या दीडपट यायला हवं, पंप असेल तर सव्वापट. म्हणजे टेकऑफला तासाला 27 लिटर पिणारं इंजिन असेल तर पंपाने मिनिटाला 560 मिली आणि उतारावर 675 मिली तरी हवं. दोन कार्ब असतील तर ही दोन्हींची बेरीज.

एक मिनिट मोजून थांबू नका, थोडं थोडं पेट्रोल घालत दहा मिनिटं चालू द्या. माझ्या विमानात पहिली तीन मिनिटं फ्लो अगदी भरपूर होता आणि चौथ्या मिनिटाला एकदम निम्मा झाला, टाकीतल्या सीलंटचा एक पापुद्रा हळूहळू सरकत आउटलेटच्या जाळीवर येऊन बसत होता आणि फ्लो थांबला की परत सुटून जायचा, त्यामुळे जाळी नुसती बघितली की स्वच्छच दिसायची.

फ्लो कमी आला तर मागे मागे जा. फिल्टरच्या पुढे (कार्बच्या बाजूला) मोजा, मग मागे (टाकीच्या बाजूला), मग टाकीच्या आउटलेटला. जिथे आकडा उडी मारून वाढतो त्याच्या लगेच पुढच्या, म्हणजे कार्बकडच्या, भागात दोष.

इंजिनवरचा मेकॅनिकल पंप असा तपासता येत नाही, त्याला प्रेशर गेजच हवा. रोटॅक्स 912 या इंजिनाला साधारण 0.15 ते 0.4 बार लागतं, तुमच्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला जोड ढिला असेल तर बाहेर थेंबही दिसणार नाही, आत हवा जाते, म्हणून तिथे तात्पुरता पारदर्शक पाइप लावून बुडबुडे दिसतात का बघा. जोडांना टेफ्लॉन टेप कधीच नको, तिचे धागे सुटून जेटमध्ये अडकतात.

वाफेचा त्रास असेल तर पाइप एक्झॉस्टपासून लांब न्या, त्यावर फायरस्लीव्ह (उष्णता अडवणारं आवरण) चढवा, टाकीजवळ खालच्या बाजूला इलेक्ट्रिक पंप बसवा, आणि इंजिनच्या मॅन्युअलमध्ये रिटर्न लाइन (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप) दाखवली असेल तर ती वगळू नका. इथेनॉलचं पेट्रोल वापरत असाल तर आणखी जपून, जुने रबरी पाइप आणि काही फायबरग्लास टाक्यांचं रेझिन त्याने मऊ पडतं, आणि पाणी जास्त शिरलं की इथेनॉल त्या पाण्यासकट वेगळं होऊन तळाला बसतं.

फ्लो, प्रेशर सगळं बरोबर आलं तरच कार्ब उघडा. बाउलमध्ये पाणी, कचरा बघा आणि फ्लोटचं (बाउलमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्यांचं) वजन करा, 912 च्या बिंग कंपनीच्या प्रत्येक कार्बमधले दोन्ही फ्लोट मिळून 7 ग्रॅमपेक्षा जड झाले असतील तर ते पेट्रोल पिऊन बसलेत, बदला. काहीच सापडलं नाही तर कार्बमधल्या बर्फाचा विचार करा, दमट हवेत पंचवीस अंशांनाही तो होतो आणि उतरेपर्यंत वितळून जातो.

दुरुस्तीनंतर विमान पक्कं बांधून फुल थ्रॉटलला काही मिनिटं चालवा, इंजिनला जितका वेळ परवानगी असेल तितकीच, पण बाउल रिकामा व्हायला लागतो त्यापेक्षा नक्की जास्त. मग पहिल्या उड्डाणात धावपट्टीच्या ग्लाइडच्या टप्प्यातच (इंजिन बंद पडलं तरी तरंगत धावपट्टीवर परतता येईल इतक्या जवळ) उंची घ्या आणि फ्युएल प्रेशरवर नजर ठेवा.