एमएस आणि चालणं: शेजारच्याच्या सेकंदांशी तुलना नको, आणि आणखी काही चुका

मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार बायकांमध्ये पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आढळतो. त्यामुळे पुरुषाचा पाय अडखळू लागला की आधी कंबरेवर नाहीतर गुडघ्यावर संशय जातो. पण या आजाराचा सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणारा प्रकार दोघांत जवळपास सारखाच असतो. त्याची पहिली खूण बहुधा पाय जड पडणं हीच. शिवाय पुरुषांचं अपंगत्व सरासरीने लवकर वाढतं, तेव्हा ‘बघू पुढच्या महिन्यात’ नको.

खरा घोळ मोजण्यात होतो. 25 फूट, म्हणजे साडेसात मीटरच्या आसपास, जमेल तितक्या झपाट्याने चालायचं आणि सेकंद मोजायचे, अशी एक साधी चाचणी असते. शेजारच्या गृहस्थांना 5 सेकंद लागले, आपल्याला 6, म्हणून कित्येकजणी खचतात. अहो, त्यांची उंची बघा! पाऊल किती लांब पडतं हे पायाच्या लांबीवर ठरतं. निरोगी पुरुषही सहा मिनिटांत बायकांपेक्षा सरासरी जास्तच अंतर कापतात. तुलना करायची ती स्वतःच्या आधीच्या आकड्याशी. 6 चे 7.2 सेकंद झाले, म्हणजे 20 टक्के वाढ, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. मात्र एकदा बूट आणि एकदा चप्पल घालून मोजलंत तर त्या आकड्यांना अर्थ नाही.

साडीचंही तसंच. पाऊल लोंबत असेल तर चवडा निऱ्यांत अडकतो, आणि गुडघा कसा वाकतोय हे तपासणाऱ्याला दिसतच नाही. तपासणीच्या दिवशी सलवार किंवा ट्रॅक पँट बरी.

आणखी एक चूक: चाल बिघडली की थेट ‘अटॅक आला’, म्हणजे एमएस नव्याने उसळला, असं समजून स्टिरॉइडसाठी धावणं. अंगातली उष्णता थोडी वाढली तरी जुनी लक्षणं डोकं वर काढतात. 1890 मध्ये उटहॉफ या जर्मन डॉक्टरांनी हे नोंदवलं होतं. मे महिन्याची दुपार, ताप, एवढंही पुरतं. पाळीआधीच्या दिवसांत शरीराचं तापमान किंचित चढतं आणि काहीजणींना तेव्हा पाय जड वाटतात; डायरीत पाळीच्या तारखा लिहिल्या की हे लक्षात येतं. लघवीच्या जंतुसंसर्गानेही अशीच चाल बिघडू शकते; तो बायकांमध्ये जास्त, आणि एमएसमध्ये तो कधीकधी जळजळ न होताही असतो. बिघाड चोवीस तासांहून जास्त टिकला तर डॉक्टरांना फोन कराच, पण लघवी तपासायचीय का, हेही तेव्हाच विचारा.